मागच्या सीटच्या जागी प्लॅटफॉर्म : कोल्हापुरातील एका जिम्नीचे प्रकरण

पार्श्वभूमी

शिवाजी उद्यमनगरात माझे फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. शेड, गेट, ग्रिल, कारखान्यांच्या ट्रॉल्या अशी कामे रोजची असतात. गाडीच्या आतल्या बाजूचे काम आम्ही एरवी घेत नाही. हे एक घेतले, त्यात चुका केल्या, त्या दुरुस्त केल्या आणि गाडीमालकांच्या संमतीने ते सगळे येथे मांडत आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

गाडीमालक महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतात, म्हणून त्यांना मी 'सर' म्हणतो आणि लेखातही तेच संबोधन ठेवतो. सर आणि बाई दोघेही सुट्टीच्या दिवशी पठारांवर जातात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा त्यांचा खरा हंगाम, कारण मसाई पठारावर आणि गगनबावड्याकडच्या सड्यांवर फुले येतात ती याच दिवसांत. बरोबर कॅमेऱ्याच्या पेट्या, ट्रायपॉड, वनस्पती दाबून ठेवायच्या लाकडी चौकटी, वीस लिटर पाणी, ओले रेनकोट आणि एक मुधोळ जातीची कुत्री असते. ती सव्वीस किलोची, लांब पायांची आणि गाडी सुरू झाली की उभी राहणारी आहे.

गाडी म्हणजे मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी. भारतात ती जून २०२३ मध्ये विक्रीस आली. शिडीसारखी चॅसी, २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स आणि मोजकी लांबी यांमुळे चिखलाच्या वाटेवर ती चांगली चालते, पण आसने चारच आणि सामानाची जागा बेताची. मागची सीट दोन समान भागांत आहे. तिची पाठ पुढे पाडली की ती बसायच्या गादीवर आडवी होते आणि सामानाच्या फरशीशी एक पायरी तयार होते. या पायरीवर कुत्रीला नीट बसता येत नाही आणि वनस्पतींच्या चौकटी सपाट राहत नाहीत. एका खेपेला चौकट कलंडून दिवसभराचे नमुने चुरगळले, तेव्हा सरांनी माझ्याकडे यायचे ठरवले.

अडचण

सरांनी मागितले ते सरळ होते : मागची सीट काढून तेथे सपाट, धुता येईल असा प्लॅटफॉर्म बसवावा, खाली सामान जावे, वर कुत्री बसावी आणि हवे तेव्हा सगळे काढून सीट परत लावता यावी. मला ते लाकडी कॉटसारखे सोपे काम वाटले. ते तसे नाही हे कळायला दोन महिने लागले, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

मागची सीट फक्त बसण्यासाठी नसते. तिची उभी पाठ ही सामान आणि पुढच्या माणसांची पाठ यांमधला अडसर असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील क्रमांक १७ च्या नियमात याची चाचणीच सांगितली आहे : प्रत्येकी १८ किलोचे दोन घन ठोकळे सीटच्या मागे ठेवून ताशी ५० किमी वेगाच्या धडकेइतका झटका द्यायचा आणि सीटची पाठ ठोकळ्यांना अडवून धरते का ते पाहायचे. म्हणजे सीट काढताना आपण एक बनवलेली, तपासलेली संरक्षक वस्तू काढत असतो आणि तिच्या जागी जे बसवतो त्याची तपासणी कोणीच केलेली नसते. हा विचार काम हाती घेताना माझ्या डोक्यात नव्हता. मी जागा मोजत होतो, वजन पेलण्याचा हिशेब करत होतो, पण सामान पुढे येण्याचा हिशेब केला नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सीट न काढता, पाडलेल्या पाठीवरून पायरी भरून काढणारी फळी टाकण्याचा होता. यात गाडीला हात लागत नाही आणि कागदपत्रांचा प्रश्नच येत नाही. परंतु फळीची उंची इतकी वाढत होती की कुत्रीचे डोके छताला लागले असते. बाईंनी पुठ्ठ्याचे खोके ठेवून तिला वर बसवून पाहिले. ती मान वाकवून पाच मिनिटे बसली आणि उतरली. पर्याय तेथेच मागे पडला. आज मला वाटते की तो आम्ही फार लवकर सोडला.

दुसरा पर्याय सीटचा एकच भाग काढण्याचा. त्यात तिसऱ्या माणसाची सोय राहत होती, पण उरलेली रुंदी कुत्री आणि चौकटी दोन्हींना पुरत नव्हती. तयार संच मागवण्याचाही विचार झाला. तथापि या गाडीच्या मापाचा, सरांना परवडेल असा संच आमच्या पाहण्यात आला नाही.

उरला तो दोन्ही भाग काढण्याचा पर्याय, आणि आम्ही तो घेतला. त्यावर एक अट मीच घातली होती, ती मात्र योग्य ठरली : गाडीच्या फरशीला एकही नवे भोक पाडायचे नाही. खाली इंधनाची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग यांपैकी नेमके काय आहे हे वरून दिसत नाही, आणि पत्र्याला पाडलेल्या भोकातून गंज सुरू होतो तो थांबत नाही. सीट ज्या जागी बोल्टने बसवलेली होती त्याच जागा वापरायच्या, असे ठरले.

कायद्याचा प्रश्न सरांनीच काढला होता. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि आसनसंख्या हा त्या प्रमाणपत्रातलाच तपशील आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीट परत लावता येणार आहे, म्हणजे हा कायमचा बदल नाही, अशी आम्ही आमची समजूत घालून घेतली. ही समजूत कोणाकडूनही तपासून घेतली नव्हती. तेथे थांबून नोंदणी प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करायला हवी होती. आम्ही ती केली नाही, आणि हा निर्णय चुकला.

पहिली बांधणी

जुलैमध्ये सीट काढल्या. बोल्ट काढण्याआधी प्रत्येक जागेचा फोटो काढला आणि बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठी लावून ठेवले. मोजमापासाठी मोठ्या पुठ्ठ्याचा साचा कापला, कारण चाकाच्या कमानीचा बाक टेपने नीट मिळत नाही. साचा दोन्ही बाजूंनी ५ मिमी कमी ठेवला, म्हणजे प्लायची कड प्लॅस्टिकच्या आवरणाला घासणार नाही.

चौकट मात्र मी सवयीने बनवली. आमच्या शेडच्या कामात ४० बाय ४० चा ३ मिमी जाडीचा बॉक्स पाइप नेहमी पडलेला असतो, तोच वापरला. त्याचे वजन मीटरला साडेतीन किलोच्या जवळ जाते आणि नऊ मीटर पाइप लागला. वर सव्वा मीटर लांब आणि मीटरभर रुंद असा १८ मिमी प्लाय टाकला, तोही घरगुती फर्निचरसाठी आणलेल्यापैकी उरलेला साधा एमआर प्रतीचा, म्हणजे दमट हवा सोसणारा पण सतत भिजणे न सोसणारा. बिजागऱ्या, कड्या धरून सगळे पन्नास किलोच्या घरात गेले. उचलताना आमचे मिस्त्री म्हणाले, "हे एकट्याला उचलत नाही, म्हणजे गाडीलाही जड होणार." मी ते ऐकून घेतले आणि काम पुढे नेले.

वजनाचा हिशेब कागदावर आधीच करायला हवा होता. या गाडीचे एकूण कमाल वजन १,५४५ किलो आणि रिकामे वजन साधारण १,२०० किलो, म्हणजे माणसे, सामान आणि नंतर बसवलेले सगळे मिळून ३४५ किलोच्या आसपास. दोन माणसे आणि कुत्री यांत १७० किलो गेले. मूळ सीटचे वजन त्यातून वजा होते हे खरे, पण प्लॅटफॉर्म त्या सीटपेक्षा जडच होता आणि हे जास्तीचे वजन मागच्या एक्सलवर, उंचावर बसत होते.

बोल्टच्या बाबतीत मात्र मिस्त्रींमुळे एक मोठे नुकसान टळले. आमच्या पायाच्या पट्ट्या ६ मिमी जाडीच्या होत्या. सीटच्या मूळ ब्रॅकेटची जाडी व्हर्नियरने मोजली तेव्हा ३ मिमी भरली. म्हणजे मूळ बोल्ट वापरला तर तो आतल्या नटमध्ये ३ मिमी कमी जाणार होता. म्हणून मी लांब बोल्ट आणायला पोराला पाठवले. त्याने आणलेला १० मिमीचा बोल्ट मिस्त्रींनी बोटांनी फिरवला, दोन आटे गेला आणि अडकला. त्यांनी पाना लावला नाही. पिच म्हणजे दोन आट्यांमधले अंतर. पिच गेज लावून पाहिले तर गाडीतला आटा १.२५ मिमी पिचचा आणि आणलेला बोल्ट १.५ चा होता. मोटारींत १.२५ चे पिच सर्रास असते, हार्डवेअरच्या दुकानात मात्र मागितल्याबरोबर १.५ मिळते. पान्याने तो दाबून बसवला असता तर फरशीला वेल्ड केलेला नट खराब झाला असता, आणि तो नट पुन्हा कधी सीटही धरणार होता. इंजिनाचे नट-बोल्ट ठेवणाऱ्या दुकानातून त्याच पिचचे, डोक्यावर ८.८ असा मजबुतीच्या प्रतीचा शिक्का असलेले, ५ मिमी लांब बोल्ट आणले.

एवढी काळजी घेऊनही मी हे बोल्ट फक्त पुढच्या रांगेत लावले. मागच्या बाजूची पट्टी जुळत नव्हती, म्हणून मागचे पाय रबराच्या तुकड्यांवर नुसते टेकवले. वजन इतके आहे की ते हलणार नाही, असे मला वाटले.

साळवणजवळचा ब्रेक

ऑगस्टच्या मध्यात सर आणि बाई गगनबावड्याला निघाले. कळे सोडल्यापासूनच प्रत्येक खड्ड्याला मागून ठोका येत होता. टेकवलेले पाय उचलून पुन्हा आपटत होते. साळवणच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यावर आली आणि सरांनी जोरात ब्रेक दाबला. वेग चाळीसच्या आसपास होता. इलॅस्टिक दोरीने बांधलेला पाण्याचा भरलेला कॅन दोरीसह सरकत पुढे आला आणि बाईंच्या सीटच्या पाठीवर आदळला. त्यांच्या पाठीला हिसका बसला, इजा झाली नाही. कुत्री हार्नेसने बांधलेली होती, म्हणून ती जागेवर राहिली.

दुसऱ्या दिवशी गाडी वर्कशॉपला आली. सीटच्या पाठीवर कॅनच्या तळाच्या कडेचा निळा, बोटभर लांब ओरखडा होता. तो पाहिला आणि मी हिशेब मांडला. ताशी ५० किमी वेगाने जाणारी वस्तू थांबताना जेवढी ऊर्जा सोडते ती सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या वस्तूइतकी असते. वीस लिटरचा कॅन तिसऱ्या मजल्यावरून पाठीवर पडण्याची जी शक्यता आम्ही त्या गाडीत निर्माण केली होती, ती साध्या ब्रेकवर निभावली. आधी सीटची पाठ उभी असती तर कॅन तिच्या मागे अडला असता.

प्लायची अवस्थाही त्याच दिवशी दिसली. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; त्या हवेत तीन आठवड्यांत, ओल्या कुत्रीच्या आणि रेनकोटच्या पाण्याने एमआर प्लायची मागची कड फुगून पापुद्रे सुटले होते. शिवाय जॅक आणि पाना फळीखाली अडकले होते. रस्त्यात पंक्चर झाले असते तर कुत्री, सामान आणि अर्धा प्लॅटफॉर्म पावसात उतरवूनच चाक बदलता आले असते.

सरांपुढे तेव्हा दोन मार्ग होते : सीट परत लावून विषय संपवायचा किंवा सगळे नव्याने करायचे. मी दुसऱ्या बांधणीची मजुरी घेणार नाही असे सांगितले. बाईंची अट एकच होती की आपल्या पाठीमागे काय आहे ते त्यांना आधी दाखवावे.

दुसरी बांधणी

या वेळी आम्ही सुरुवात अडसरापासून केली आणि प्लॅटफॉर्म त्याला जोडला. पुढच्या सीटच्या मागे, प्लॅटफॉर्मपासून ४५ सेंमी उंचीची चौकट उभी केली, तिला ३ मिमी तारेची ५० मिमी चौकोनांची वेल्डमेश लावली आणि चौकट पुढे झुकू नये म्हणून दोन्ही बाजूंना तिरके आधार देऊन ते मागच्या पायांपर्यंत नेले. त्यामुळे पुढे येणारा जोर मागच्या बोल्टवरही जातो. मागच्या बोल्टच्या जागांसाठी पुठ्ठ्याचा वेगळा साचा करून पट्ट्या वाकवून घेतल्या. पहिल्या वेळी जे जुळत नाही म्हणून सोडले होते त्याला एवढाच अर्धा दिवस लागला. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेतील आकड्यानुसार आवळले आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत रंगाची रेघ मारली, म्हणजे बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

ही जाळी धडक चाचणीत टिकेल असा माझा दावा नाही. ती तपासलेल्या सीटची बरोबरी करत नाही, हे मी सरांना लेखी दिले. म्हणून जड वस्तू जाळीच्या भरवशावर ठेवायच्या नाहीत, असे ठरले : पाण्याचे कॅन आणि पेट्या प्लॅटफॉर्मच्या खाली, चौकटीच्या आत, रॅचेटच्या पट्ट्याने बांधून, वर फक्त कुत्री आणि वनस्पतींच्या चौकटी. इलॅस्टिक दोरी गाडीतून काढून टाकली. ती सामान जागेवर ठेवते असे वाटते, पण जोर आला की ताणली जाते.

चौकटीसाठी २५ बाय २५ चा २ मिमी पाइप घेतला. मीटरला दीड किलोपेक्षा कमी वजन असूनही मधे दोन आडव्या पट्ट्या दिल्यावर त्यावर दोन माणसे उभी राहिली तरी तो डोळ्याला दिसेल इतका वाकला नाही. प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्रतीचा, १२ मिमी. त्याच्या कापलेल्या कडा आणि बोल्टची भोके यांना इपॉक्सीचे दोन हात दिले, कारण उकळत्या पाण्याला टिकणारा प्लायही कडेतूनच पाणी पितो. लोखंडाला घासून रेड ऑक्साइड आणि वर रंग. पाइपची टोके बंद केली पण खालच्या बाजूला पाणी निघायला बारीक छिद्र ठेवले. लोखंड आणि प्लायच्या मधे पातळ रबराची पट्टी टाकली, त्याने आवाज गेला. वर रबरी चटई चिकटवली नाही, बटणांनी लावली, म्हणजे काढून धुता येते. प्लायला मागच्या भागात वेगळे झाकण केले. मागचे दार उघडून झाकण उचलले की जॅक हाताला येतो.

जाळीसह सगळ्याचे वजन काट्यावर ३२ किलो भरले. त्या दिवशी बाई येऊन जाळी धरून हलवून गेल्या, खाली वाकून बोल्ट पाहिले आणि मग सरांना गाडी घेऊन जायला सांगितले.

परिणाम

सप्टेंबरच्या अखेरीपासून मेपर्यंत प्लॅटफॉर्म वापरात होता. ठोके बंद झाले. कुत्री पहिल्या दोन खेपांना उभीच राहिली. चटईवर नखे रुतू लागल्यावर बसली. रंगाच्या रेघा दर महिन्याला पाहिल्या जात. डिसेंबरमध्ये एका ठिकाणी रेघ किंचित सरकलेली दिसली. तेथे पट्टीखाली रंगाचा जाड थर राहिला होता आणि तो दबून बोल्ट सैल झाला होता. रंग खरवडून बोल्ट पुन्हा आवळला. बोल्टखालच्या जागी रंग लावू नये, ही साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो.

विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी गाडीत काही बदल केला आहे का, हा प्रश्न सरांसमोर आला. खोटे लिहायचे नाही हे त्यांनी ठरवलेले होते. अपघात झाला आणि नोंदवलेल्या चार सीटपैकी दोनच गाडीत आढळल्या, तर दाव्याचे काय होईल हेही त्यांना दिसत होते. जूनमध्ये त्यांनी सीट परत लावायला सांगितल्या, आसनसंख्येतील बदलाविषयी नोंदणी कार्यालयाकडे लेखी अर्ज दिला आणि उत्तर येईपर्यंत प्लॅटफॉर्म रस्त्यावर न्यायचा नाही असे ठरवले. सीट पाऊण तासात बसल्या, कारण नट शाबूत होते आणि मूळ बोल्ट पिशव्यांत होते.

वेगळे काय केले असते

अर्ज जूनमध्ये एक वर्ष आधी द्यायला हवा होता. त्या एका कागदाने बाकी सगळ्या निर्णयांचा क्रम बदलला असता, कदाचित सीट न काढण्याच्या पर्यायाकडे आम्ही परत गेलो असतो. कुत्रीचे डोके छताला लागते हे खरे होते, पण सीटच्या पुढचा पाय ठेवायचा खोल भाग भरून तेथे तिची जागा करता आली असती, कारण तेथे उंची भरपूर आहे. हे आम्हाला सीट परत लावताना सुचले. सध्या त्याच जागेसाठी, गाडीचा एकही बोल्ट न काढता बसेल अशी हलकी पेटी करतो आहोत. ती पुढच्या सीटच्या पाठीला टेकून राहील, म्हणजे पुढे सरकायला तिला जागाच उरणार नाही, आणि मागे एका बाजूची सीट उभी राहील.

वजन आधी कागदावर मांडले असते तर पहिल्या बांधणीचे सुमारे आठ हजार रुपये वाचले असते. बोल्टच्या दोन्ही रांगा पहिल्याच दिवशी वापरल्या असत्या तर मागचे पाय आपटले नसते. कॅन मात्र तरीही पुढे आला असता, कारण त्याला अडवणारे आम्हीच काढून ठेवले होते.

प्लॅटफॉर्म आता वर्कशॉपच्या भिंतीला उभा आहे. त्याचे लांब बोल्ट एका पिशवीत घालून ती चौकटीला तारेने बांधली आहे आणि चिठ्ठीवर मिस्त्रींनी पिच, लांबी आणि 'सीटला वापरू नये' असे लिहिले आहे.